मोती नावाला ओ

मु. दवनीवाडा, तहसील गोंदिया, जि. भंडारा
ता. ३ जुलै १९३८

प्रिय जागेश्वर,

तुझ्या बाकावरच्या जुन्या सोबत्याचा दवनीवाड्याहून राम राम. आम्ही सगळे खाऊनपिऊन ठीक आहोत. तुम्हीही तसेच असाल अशी समजूत करून घेऊन पुढे लिहितो. नागपूरची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली का? मुलाच्या घराला जिने फार आहेत असं मागच्या पत्रात होतं. जिना चढताना दुसरीच्या पुस्तकातली एखादी कविता म्हणत जा, पायरीला एक चरण. तळ्याची पाळ आपण अशीच चढायचो. तेव्हा दम लागायचा तो धावल्याने; कवितेने कधी लागल्याचं आठवत नाही.

इकडे धानाचे पऱ्हे हिरवेगार उगवून आले आहेत आणि थोड्याच दिवसांत रोवणी लागेल. शेताच्या बांधीत पाणी साचलं की संध्याकाळचं सगळं आभाळ त्यात उतरून बसतं. मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून ते बघतो आणि मनात एखादा श्लोक जुळवू लागतो. तेवढ्यात आमचा उदाराम नांगर घेऊन येतो आणि म्हणतो, "बाबूजी, बाजूले व्हा जी, चिखल उडून राहिला." मुलगा गुणी आहे, पण वृत्तात बसत नाही.

आता मुख्य बातमी. आमच्या घरात एक नवा जीव आला आहे. कुत्र्याचं पिल्लू. रंग भाजलेल्या पोह्यासारखा आणि पुढचे दोन पाय पांढरे, तांदळाच्या पिठात उभं राहून आल्यासारखे.

पेन्शनीच्या कामाला गोंदियाला गेलो होतो. पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा कचेरीत स्वतः जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. ते दाखवलं. त्या कामात उशीर का झाला, ते पुढे कधीतरी सांगेन. परत येताना एका ओळखीच्या बैलबंडीत जागा मिळाली आणि पिल्लू कुठे ठेवावं हा प्रश्न आला. धोतरात ठेवलं तर ते धोतर सोडायला लागलं. शेवटी छत्री मिटून तिच्या घडीत ठेवलं. दांडा धरून, तोंड वर करून, कुंडी धरावी तशी छत्री धरली. गावाच्या अलीकडे पाऊस आला. बंडीवाला म्हणाला, "गुरुजी, छत्री उघडा ना जी!" मी म्हणालो, "मला पाऊस आवडतो." ते खोटंही नव्हतं. पण इतका आवडत नाही.

दारात आमची घरची उभी.

"छत्री असून भिजले काऊन?"

"उघडली नाही."

"काऊन नाई उघडली?"

याचं उत्तर छत्रीनेच दिलं. बारीक आवाजात, पण स्पष्ट.

"बापा बापा! छत्री बोलून राहिली!" असं म्हणून ती मागे सरकली. छत्री उघडली, पिल्लू उंबरठ्यावर पडलं, आणि पडल्याबरोबर त्याने तिथे जे करायला नको ते केलं.

"हे कायले आनलं जी?"

"धानाची राखण करायला. रानडुकरं येतात ना."

"रानडुक्कर याले सुपारीवानी चघळंल," ती म्हणाली. तरी सून शामकला हिला तिनेच सांगितलं की झाकणीत दूध घाल. दूध आलं. पिल्लू दुधात शिरलं, मग बाहेर आलं आणि सारवलेल्या ओसरीभर दुधाची पावलं काढत फिरलं. मला ती रांगोळी वाटली. तसं म्हणालोही. त्या दिवशी मला जेवायला उशिरा वाढलं.

संध्याकाळी नावाचा विषय निघाला. उदारामची धाकटी, प्रेमिला, तिने पिल्लाला मांडीवर घेऊन नाव ठेवलं: मोती. लहान मूल, तिला काय कळणार? या मुलखात दर तिसरा कुत्रा मोतीच असतो. मी फक्त जवळ बसलेला होतो.

तू हसतो आहेस ना? हसू नकोस. मोतीराम हे माझं नाव गावात आता कोणाच्या ध्यानात नाही, पण घरात दोघींच्या ध्यानात आहे, आणि दोघींनाही ते उच्चारता येत नाही. शामकलाला मी सासरा. आणि ही तर नवऱ्याचं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं मानणारी. नथीतल्या मोत्यांना ती आजवर 'पांढरे मनी' म्हणत आली आहे. म्हणजे घरात भाताचं भांडं ज्यांच्या हाती, त्या दोघींनाही या कुत्र्याला हाक मारता यायची नाही. हिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "हे नाव नाई चालनार." प्रेमिला म्हणाली, "आजी, त्यानं मान हालवली." पिल्लाने खरंच हलवली होती. मी आढ्याकडे बघत होतो.

तुला आठवतं का, माझ्या लग्नाला तू वऱ्हाडात होतास? हिला उखाणा घ्यायला लावला होता. केवढ्या उत्सुकतेने मी कान पुढे केला होता! आणि नेमका तेव्हा वाजंत्रीवाल्यांना जोर चढला. मला फक्त शेवटचं 'राम' तेवढं ऐकू आलं. राम काय, कोणाच्याही नावात असतो.

असो. आता हे पत्र हिला वाचून दाखवायचं आहे. तिला अक्षर येत नाही, पण आपल्याबद्दल काय लिहिलं आहे ते ऐकल्यावाचून ती पाकीट चिकटवू देत नाही. उखाण्याचा परिच्छेद मी गाळून वाचीन.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. उत्तराच्या मायन्यात नेहमीसारखं 'मोत्या' लिहायला विसरू नकोस.

तुझा,
मोत्या

⁂

दवनीवाडा
ता. २४ जुलै १९३८

प्रिय जागेश्वर यास राम राम,

पत्र पावलं. त्यातलं पहिलंच अक्षर बघून बरं वाटलं. मग पुढचं वाचलं. 'कुत्र्याला तुझं नाव दिलं, आता तुला कुत्र्याचा पट्टा द्यायचा राहिला' हे तू पोस्टकार्डावर लिहायला नको होतंस. इथे पोस्टकार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग पारावरची मंडळी आणि शेवटी मी.

रोवणी जोरात आहे. उदाराम आणि शामकला दिवसभर बांधीत. घरात मी, ही आणि तो. आणि घोटाळा.

नाव घ्यायचं नाही आणि कुत्र्याला बोलावल्यावाचून तर चालत नाही. यावर हिने काय उपाय काढला असेल? जे नाव नवऱ्याचं, त्याला मान नवऱ्याचाच, असं तिने ठरवलं आहे. ती पिल्लाला अहोजाहो करते. "अजी, या जी, भात खा" अशी हाक आली की मी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात हजर होतो. तिथे एक ताट असतं, जमिनीवर, कोपऱ्यात, आणि त्यापुढे तो बसलेला असतो. ही माझ्याकडे बघून म्हणते, "तुमाले नाई म्हनलं." मी परत जातो. पुढच्या वेळी हाक खरोखर माझ्यासाठी असते तेव्हा तो जातो, मी जात नाही, आणि भात थंड झाल्याचा दोष मला येतो. शामकलाचा उपाय त्याहून सोपा. ती त्याला 'धाकले मामाजी', म्हणजे धाकटे सासरे, म्हणते. "धाकल्या मामाजीनं पापड नेला वो आत्याबाई!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मोठा मामाजी म्हणून मला पापड मागायची लाज वाटली.

पण खरी कमाल रुख्माने केली. रुख्मा म्हणजे कुंपणापलीकडची शेजारीण, बकारामची बायको. दुपारी ही कुंपणाच्या अलीकडे आणि ती पलीकडे, अशी दोघींची सभा भरते. परवा हिने तिला सांगितलं, "काय सांगू वो बाई, त्याईनं सकारी पुन्हा ओसरीत मुतून ठेवलं. बोललं तं गुरगुरतेत. काल तं उदारामच्या वहाना चावल्या."

आता, हिच्या तोंडी 'त्याईनं' म्हणजे कोण, हे रुख्माला सासरी आल्यापासून ठाऊक. संध्याकाळी ती गोखरूचा काढा घेऊन आली, पदर सावरून माझ्यासमोर ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "लाजू नका गुरुजी. म्हातारपनी होते असं." मला वाटलं, खोकल्याचा असेल. प्यालो. वर तिला धन्यवाद दिले. ती हिच्याकडे बघून हळहळली, "किती शांत आहेत वो आता!" दुसऱ्या दिवशी बकारामने रस्त्यावरूनच ओरडून विचारलं, "गुरुजी, वहाना कायले चावता जी? दात राहिले का तेवढे?" तेव्हा कुठे सगळा उलगडा झाला. ही पदर तोंडात कोंबून हसत होती. तिला असं हसताना मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं, त्यामुळे काढ्याचं फार वाईट वाटलं नाही.

पण त्या हसण्यानंतर ती गंभीर झाली. म्हणाली, "पुरे झालं आता. गावात हसं होऊन राहिलं. नाव बदला. नाई तं पोळा झाला का याले तिरोड्याले माझ्या भावाकडं धाडून देतो म्हनते उदाराम." उदाराम असं काही म्हणाला नव्हता. पण तो आईच्या शब्दाबाहेर नाही.

मी नाव बदलायचा यत्न केला, निदान तसं दाखवलं. शेरू म्हटलं, राजा म्हटलं. एका विद्वान क्षणी 'मेघश्याम' म्हटलं. तो पोह्याच्या रंगाचा, त्याने ओळखही दाखवली नाही. प्रेमिला कुजबुजली, "मोती." आणि तो उडी मारून तिच्या मांडीवर.

जागेश्वर, आता तुला खरं सांगतो. हा भाग मी घरात वाचणार नाही.

नाव प्रेमिलाने ठेवलेलं नाही. ते मी तिला सुचवलं, पेपरमिंट देऊन. आणि मीही ते शोधलं नाही. ते त्याच्याबरोबरच आलं आहे.

त्या दिवशी कचेरीत मी बाकावर बसलो होतो. वर खापरांत चिमणीचं घरटं होतं आणि चिमणा पुन्हा पुन्हा एकच काडी आणून पाडत होता. बघता बघता मला आपल्या शाळेतली चिमणीची कविता आठवू लागली. दुसरा चरण काही केल्या आठवेना. कारकून एकेकाचं नाव पुकारत होता. "मोतीराम! मोतीराम हाजिर है?" कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. मग तो ओरडला, "अरे, मोतीराम मर गया क्या?" सगळे हसले. मीही हसलो, जागेश्वर. मनात म्हटलं, कोण बिचारा मोतीराम, घरची माणसं दारात वाट बघत असतील.

कचेरी रिकामी झाली तेव्हा कारकुनाने विचारलं, "बाबा, आप किसके लिए बैठे हैं?" मी नाव सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "इतना पुकारा, जवाब क्यों नहीं दिया?" काय सांगणार? शाळेत गुरुजी, घरात बाबूजी, मामाजी, आजोबा. आई गेली, दादा गेले. हे नाव कोणी वापरतच नाही. वापरात नसलेल्या विळ्याला गंज चढतो तसा चढला होता. मी म्हणालो, "मला वाटलं, दुसरा कोणी असेल." त्याने शिक्का मारला. जिवंत.

बाहेर आलो. समोरच्या हलवायाने कढईमागून हाक मारली, "मोती! आ जा बेटा!" माझं पाऊल थबकलं. आणि पायरीखालून हे पिल्लू धडपडत, दोनदा तोंडावर पडत, निघालं. पहिल्याच हाकेला. म्हटलं, बघा, एवढंसं हे, पण आपलं नाव ओळखतं. हलवाई म्हणाला, "ले जाओ बाबा, दूध का खर्चा बचेगा।"

मनात असं आलं की हे घरी नेलं, तर कधीतरी, चुकून, रागाने, घाईत, हिच्या तोंडून निघेल. एकदा. तेवढ्यासाठी आणलं. आता ते तिरोड्याला जाणार. हिला हे सांगायचं तर कसं सांगू? या वयात?

पोळ्यासाठी झडती रचतो आहे. पोळ्यात बैलांपुढे म्हणायची, पण गावातली पोरं दोन ओळींची काहीतरी ओरडतात तशी नाही. भुजंगप्रयातात, बारा कडव्यांची. त्यात मन रमतं.

तुझा,
मोत्या

⁂

दवनीवाडा
ता. २७ ऑगस्ट १९३८

प्रिय जागेश्वर, तुला आणि घरातल्या सर्वांना राम राम,

परवा पोळा झाला. त्याची हकीकत लिहायची म्हणून सकाळपासून बसलो आहे आणि टाक नुसता दौतीत बुडवून काढतो आहे.

मारुतीच्या देवळापुढे नेहमीसारखं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. त्याखाली रांगेने बैल, शिंगांना बेगड, अंगावर झुली. गावच्या मालगुजाराचा धिप्पाड पांढरा बैल सगळ्यांत पुढे, मानाचा. बायका देवळाच्या ओट्यावर. प्रेमिलाने मोतीच्या गळ्यात झेंडूची माळ घालून त्याला बैल केला होता आणि हिच्या स्वाधीन करून ती मैत्रिणींत गेली होती.

पोरांच्या झडत्या झाल्या, हशा झाला, 'हर हर महादेव' झालं. मग मी दगडावर चढलो आणि सुरू केलं:

धुरा वाहती जे उन्हाच्या झळांनी
तयांची व्यथा सांगते आज वाणी

तिसऱ्या कडव्याला बकाराम ओरडला, "गुरुजी, बैलं झोपून राहिले जी!" चौथ्याला मालगुजारांनी जांभई दिली. मी डोळे मिटले, कारण मिटलेल्या डोळ्यांनी माझं पाठांतर चांगलं होतं. त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, ते नंतर शामकलाकडून कळलं.

मोती ओट्यावरून उतरला. मानाच्या बैलाच्या झुलीला गोंडे होते आणि ते हलत होते. तो थेट बैलाच्या पोटाखाली गेला आणि गोंडा धरून ओढू लागला. बैलाने मागचा पाय उचलला.

हिने हाक मारली, "अजी! अजी!" रांगेतले सगळे बाप्ये वळून ओट्याकडे बघू लागले, कारण गावात प्रत्येकाचं घरचं नाव तेच. एकटा कुत्रा तेवढा वळला नाही. हिने "हड्! हड्!" केलं. बैल बिचकला, पाय आणखी वर गेला.

आणि मग मी ऐकलं.

"मोतीऽऽ!"

जागेश्वर, तो आवाज मी ओळखला नाही. आवाज कोवळा होता, तळ्याच्या पलीकडून आल्यासारखा. पण नाव ओळखलं. या वेळी ओळखलं. आणि गावादेखत, मालगुजारादेखत, आठव्या कडव्याच्या मधोमध, मी दगडावरून ओरडलो, "ओ!"

असा ओरडलो की झोपलेले बैल जागे झाले. तोरण तोडायच्या आधीच रांग उधळली. मानाचा बैल पुढे पळाला, त्याचा पाय जिथे पडायचा तिथे पडला नाही, आणि मोती तोंडात गोंडा घेऊन हिच्या पायाशी जाऊन बसला. मग असा हशा पिकला की पोळा झाला म्हणून कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. रुख्मा ओट्यावर लोळायची बाकी होती. मी अजून दगडावरच उभा. हिने पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढला, कुत्रं काखेत मारलं आणि घरी निघून गेली.

घरी आलो तर बोलणं बंद. मला वाटलं, लाज वाटली असेल, राग आला असेल. दोन्ही नव्हतं. देवापुढे दोन दिवे होते. मी जेवताना ती माझ्याकडे टक लावून बघत होती. भात वाढला, पुन्हा वाढला. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती तेव्हा मी ओसरीवर जरा लवंडलो, तर हिने नाकापुढे हात धरून पाहिला.

"काय करतेस?"

"श्वास पाहून राहिली."

तेव्हा कळलं. नाव घेतलं गेलं होतं, तेही गावभर ऐकू जाईल असं. आता माझं आयुष्य किती उरलं, याचा ती हिशोब लावत होती. मी उठलो आणि पेटीतून कचेरीची चिठ्ठी आणली.

"हे बघ. सरकारचा शिक्का आहे. मी जिवंत आहे असं लिहिलंय."

"केव्हापर्यंत?"

"पुढच्या जूनपर्यंत तरी सरकारला शंका नाही."

"सरकारले काय कळते!" असं म्हणून ती रडू लागली. मग मला राहवेना. मी तिला कचेरीतलं सगळं सांगितलं. चिमणा, काडी, कारकून, आणि मी कसा हसलो ते. हलवाई सांगितला. पेपरमिंटही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपातच थांबला.

"त्यानं हाक मारली आन् तुमी ओ नाई दिली?"

"नाही."

"आन् माझ्या हाकेले दिली. बैलं पळाले, एवढ्यानं वरडले."

"हो."

"मंग असं तं सांगाचं ना जी. कुत्रं कायले पायजे होतं मदात?"

मोती सुपाच्या कडेचे तांदूळ हुंगत होता. मग ती खाली बघूनच म्हणाली, "आन् मले कोन हाक मारते?"

मला प्रश्न कळलाच नाही.

"माय होती तं तळ्यावून आवाज देत होती. ते मेली. आता मी सून, वहिनी, उदारामची माय, आजी, गुरुजीन. तुमी तं कचेरीत तरी आयकलं तुमचं नाव. मले तं कचेरी बी नाई." थोडं थांबून म्हणाली, "लग्नात तुमची पाळी आली तं तुमी खोकलून राहिले होते. माझे कान तिकडंच होते."

माझ्या बाजूला वाजंत्री होती, जागेश्वर. तिच्या बाजूला नुसता माझा खोकला.

जन्मभर मी वर्गात हजेरी घेतली. सकाळी साऱ्या गावाची पोरं नावानिशी हाका मारून उठवली. कवितेत मेघाला हाक मारली, नदीला मारली, जिने कधी ओ दिली नाही त्या चंद्रकोरीलाही मारली. तू माझी आजवरची पत्रं जपून ठेवली असशील तर काढून बघ. 'घरची', 'ही', 'उदारामची माय'. एवढ्या वर्षांच्या दोस्तीत तुला तरी तिचं नाव ठाऊक आहे का?

मी म्हणालो, "आत्ता घेतो." तोंड उघडलं. शपथ सांगतो, जीभ टाळ्याला चिकटली. बाहेर पडलं ते "अगं." तिने कपाळावर हात मारला. "असं करा," ती म्हणाली, "आता एक कुत्री आना. तिले माझं नाव ठेवा. मंग निघंल तुमच्या तोंडून." आणि अशी हसली की रुख्मा कुंपणाशी येऊन उभी राहिली.

मोती तिरोड्याला जाणार नाही. "एकदा निघालं तं निघालं, आता काय लपवाचं," असं म्हणून ही त्याला मोकळेपणाने नावाने हाक मारते. दर वेळी माझी मान वळते. दर वेळी ती बजावते, "कुत्र्याले म्हनून राहिली." मला चालतं. आज सकाळी मात्र कुत्रं उदारामबरोबर शेतावर गेलेलं असताना तिने एकदा हाक मारली. मी जाऊन विचारलं, "काय?" म्हणाली, "काई नाई. कुत्रं कुठं गेलं ते पाहून राहिली."

माझा गृहपाठ चालू आहे. काल गोठ्यामागे जाऊन मोतीपुढे सराव केला. पहिलं अक्षर आलं, दुसऱ्याला शिंक आली. भुजंगप्रयातातली बारा कडवी घोकून काढणारा मी, साध्या चार अक्षरांपाशी अडलो. मग सुचलं. तोंडाने निघत नसेल, पण हाताला लिहिता येतं. आणि लिहिलं की ते वाचावं लागतं.

ती आता समोर सूप घेऊन बसली आहे. मोती शेतावरून आला आहे, चिखलाने भरलेला, तिच्या पायावर हनुवटी ठेवून पडला आहे. "झालं का लिहून? वाचा," असं तिचं दोनदा म्हणून झालं. आज मी काही गाळणार नाही, वाजंत्रीही नाही, खोकलाही नाही. ते नाव शेवटी ठेवलं आहे. तोवर आवाज तापेल.

तुझ्या गुडघ्यांना जप. वहिनींचं नाव काय रे? पुढच्या पत्रात लिही.

तुला माझा राम राम, आणि सौ. सुलोचनाचा नमस्कार.

तुझा,
मोतीराम

ता. क. वाचलं. शेवटच्या ओळीला खोकला आला. तो गिळला आणि ओळ पुन्हा वाचली. तिने मान वर केली नाही, सूपही खाली ठेवलं नाही. फक्त म्हणाली, "ओ."